मुक्कामी विमान

धावपट्टीच्या कडेला उभं असलेलं ते विमान बघून यादवराव रामटेके यांचा चेहरा पडला. मनातलं लपवण्याचं कसब त्यांच्याकडे कधीच नव्हतं. उभा जन्म एसटीची ड्रायव्हरकी केलेला माणूस, मनात आलं की तोंडावर दिसायचंच. अहेरी डेपोतून निवृत्त होऊन नागपुरात घर केल्यापासून त्यांनी भेटेल त्याला एकच गोष्ट ऐकवली होती, की आमची धम्मदीपा जर्मनीत पायलट आहे. ऐकणारा आपल्या मनात एक जंबो जेट उभं करायचा. यादवराव ते कधी खोडून काढत नसत, कारण त्यांच्याही मनात तेच उभं होतं. आणि इथं उत्तर समुद्राच्या काठावर, कान कापून नेणाऱ्या वाऱ्यात, दोन पंखे लावलेलं एक डबडं उभं होतं. त्याच्या खिडक्या बोटावर मोजता आल्या असत्या.

"हेच?" त्यांनी विचारलं.

"हेच," धम्मदीपा म्हणाली आणि बॅगा उचलायला वळली.

गोष्ट नुसत्या मनातल्या जंबोपुरती असती तर यादवरावांनी ती गिळली असती. पण तिचा फ्लेक्स झाला होता. महिन्याभरापूर्वी धम्मदीपानं फोनवर सांगितलं होतं, की म्युनिकच्या एका मोठ्या विमान कंपनीनं तिला निवडलं आहे आणि सत्तावीस नोव्हेंबरपर्यंत तिला होय किंवा नाही कळवायचं आहे. यादवरावांनी पहिला अर्धा भाग ऐकला आणि दुसरा ऐकायच्या आत प्रताप गेडामला फोन लावला. प्रताप म्हणजे त्यांचा जुना कंडक्टर, आता विहार समितीचा सचिव. त्यानं आठवड्याच्या आत चौकात फ्लेक्स लावला. पुढे धम्मदीपाचा युनिफॉर्ममधला फोटो, मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत विमान आणि खाली मोठ्या विमानाची वैमानिक झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. संविधान दिनाला विहारात सत्कार ठरला, मोबाइलवरून, मोठ्या पडद्यावर. हे सगळं कळल्यावर धम्मदीपा म्हणाली, "आधी तुम्ही दोघं इकडे या. मी काय करते ते बघा. मग मी उत्तर देते." म्हणून ते आले होते. संविधान दिन उद्यावर आला होता आणि उत्तराची मुदत परवा संपत होती.

उब्बेन इन्सेलफ्लूग असं या कंपनीचं नाव. तीन विमानं, चार पायलट आणि समोरच्या ओस्टरझांड नावाच्या बेटावर नेणं-आणणं, एवढाच तिचा पसारा. मालकीणबाई विबके उब्बेन साठी ओलांडलेल्या, उंचनिंच, स्वतःच खिडकीशी बसून तिकिटं फाडत होत्या आणि माणसांची वजनंही करत होत्या. इतक्या लहान विमानात वजन नीट वाटून द्यावं लागतं. म्हणून कोण कुठं बसणार हे तिकीट नाही, काटा ठरवतो. प्रभावतीबाई लोणच्याच्या बरण्यांची पिशवी घेऊन काट्यावर चढल्या आणि आकडा बघून लेकीला म्हणाल्या, "हिला सांग, यात जाकीट धर." विबकेबाईंना शब्द कळला नाही, पण मुद्दा कळला असावा, कारण त्या खळखळून हसल्या.

काट्यानं यादवरावांना पुढची जागा दिली, थेट पायलटशेजारची. ती एरवी फोल्कर्ट नावाच्या, बाजार करून घरी निघालेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याची ठरलेली जागा होती. हे पायलटचे वडील आहेत एवढं कळताच म्हातारा टोपीला हात लावून मुकाट्यानं मागे जाऊन बसला. मग एक प्लंबर त्याच्या पेटीसकट चढला, एक शिक्षिका चढली, औषधांचं खोकं आलं, वर्तमानपत्रांचा गठ्ठा आला, शेवंतीच्या कुंड्या आल्या आणि शेवटी खिडकी बंद करून विबकेबाईही चढल्या. धम्मदीपानं स्वतः दारं लावली, मागं वळून सगळ्यांना पट्टे बांधायला सांगितले आणि कुणाची तरी कुंडी पायाशी नीट सरकवून दिली.

"कंडक्टरही हीच," यादवराव पुटपुटले. मग मागं बसलेल्या बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही तर काळी-पिवळी आहे गं."

गडचिरोलीकडे एसटीच्या पुढ्यातून प्रवासी पळवणाऱ्या जीपगाड्यांना काळी-पिवळी म्हणतात आणि एसटीच्या ड्रायव्हरच्या तोंडी त्याहून हलका शब्द नाही. धम्मदीपाला ते पक्कं ठाऊक होतं. तिचे कान लाल झाले. इंजिनं सुरू झाल्यावर बोलण्याची सोयच राहिली नाही, हे बरंच झालं.

विमान अर्धी धावपट्टी संपायच्या आत उचललं गेलं. खाली ओहोटीचा राखाडी चिखल मैलोगणती पसरला होता आणि त्यात एक फेरीबोट भरतीची वाट बघत अडकून पडली होती. वारा आडवा होता. विमानाचं नाक एकीकडे आणि जाणं दुसरीकडे, असा खेकड्यासारखा सगळा प्रवास. बेटाची पट्टी समोर आली तेव्हाही नाक भलतीकडेच होतं. यादवरावांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबून दाबून भरून आला. जमीन अगदी पायाखाली आल्यावर लेकीनं नुसतं मनगट हलवावं तसं काहीतरी केलं, विमान सरळ झालं आणि चाकं टेकल्याचं कळलंही नाही. यादवरावांना ते आवडलं. पण लेकीचं कौतुक तिच्या तोंडावर करायचं नाही हा त्यांच्या पिढीचा रिवाज, म्हणून ते "थंडी फार आहे" एवढंच म्हणाले.

माणसं उतरून सायकलींवर बसून निघून गेली. बेटावर मोटारी नव्हत्याच. धम्मदीपा विमानाचे पंख दोरांनी जमिनीतल्या कड्यांना बांधू लागली, तेव्हा यादवरावांना राहवलं नाही. बिघाड झाला का, त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. आजची शेवटची फेरी झाली. हिवाळ्यात शेवटचं विमान इथंच राहतं रात्रभर, पायलटसकट. आम्ही चौघं पाळीपाळीनं राहतो. सकाळची पहिली फेरी इथूनच निघते."

यादवराव दोर हातात घेता घेता थांबले. "म्हणजे मुक्कामी?"

धम्मदीपानं मान वर केली. इतकी वर्षं ती ही ड्यूटी करत होती आणि हा शब्द तिला कधी सुचला नव्हता. लहानपणी बाप आठवड्यातून तीन रात्री घरी नसायचा त्याचं कारण म्हणजे हा शब्द. "गेनाऊ," ती म्हणाली. मग मराठीत म्हणाली, "हो. मुक्कामीच."

पायलटला रात्री जेवू घालायचं काम बेटावरची घरं आळीपाळीनं करतात आणि त्या दिवशी पाळी विबकेबाईंची होती. त्यांचं घर बेटावरच होतं. जेवण पाचलाच मांडलेलं बघून प्रभावतीबाईंना मजा वाटली. उकडलेले बटाटे, मासे आणि काळा पाव होता. प्रभावतीबाईंनी बरणी उघडली, तशी विबकेबाईंनी बटाट्याला लोणचं लावून खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि परत घेतलं. मग त्या बोलायला लागल्या, धम्मदीपा मराठीत सांगत गेली, आणि यादवरावांना त्या डबड्याचं कुळ कळलं.

विबकेबाईंचे सासरे त्यार्क उब्बेन गुरांच्या खाद्याचे व्यापारी होते. हौसेखातर त्यांनी चार सीटचं विमान घेतलं होतं आणि सगळा किनारा त्यांना खुळा म्हणत होता. एका हिवाळ्यात समुद्रच गोठला. बोटी बर्फात अडकल्या, बेट जगापासून तुटलं, तेव्हा हा खुळा माणूस रोज औषधं, टपाल आणि पावाचं खमीर घेऊन यायचा आणि ओहोटीच्या वेळी ओल्या टणक वाळूवर विमान उतरवायचा. वसंतात बर्फ वितळलं, बोटी सुरू झाल्या, आणि त्यार्कनं आता बस करतो म्हटलं. बेटानं त्याला बस करू दिलं नाही. माणसांनी वाळूच्या टेकड्या फावड्यांनी सपाट केल्या, बायकांनी डोक्यावरून गवताची ढेकळं आणून पट्टीवर बसवली. तेव्हापासून बेटावरचं प्रत्येक बाळ किनाऱ्यावरच्या दवाखान्यातून या कंपनीच्या विमानात बसून घरी आलं आहे, आणि बाहेर मेलेला प्रत्येक माणूसही. एकदा गावाचा अख्खा बँड ढोलांसकट दोन फेऱ्यांत आणला होता.

मुक्कामाची चाल मात्र नंतरची. हिवाळ्यात किनाऱ्यावर सकाळी धुकं धरतं आणि तिकडून विमान निघू शकत नाही. अशाच एका सकाळी अपेंडिक्स फुटलेली एक बाई बेटावर निरभ्र आभाळाखाली विमानाची वाट बघत पडली होती. दुपारी धुकं उठलं आणि ती थोडक्यात वाचली. तिला पोचवून आल्यावर त्यार्क म्हणाला, की आजपासून विमान तुमच्याजवळ झोपेल. धुकं नाही अशा ठिकाणी इथून उडून जाता येतं, धुक्यातून इथं येता येत नाही. त्या दिवसापासून एकही हिवाळा मुक्कामाशिवाय गेला नव्हता. हे सांगताना विबकेबाईंची मान ताठ झाली होती. त्यात मिजास नव्हती, अभिमान होता, आणि यादवरावांना तो फार ओळखीचा वाटला.

त्यांचाही मुक्काम होता. कोठारपल्ली, रस्ता संपतो तिथलं गाव. रात्री गाडी पिंपळाखाली लावायची, कुणाच्या तरी घरून भाकरी यायची, आणि पहाटे तीच गाडी दवाखान्याची माणसं, बाजाराची माणसं आणि शाळेची पोरं घेऊन निघायची. एका वर्षी नदीवरचा पूल वाहून गेला आणि गाडी अलीकडच्या गावापर्यंतच जाऊ लागली. पूल परत बांधून झाला तेव्हा यादवराव मोठ्या उत्साहानं गाडी घेऊन गेले. दररोज पहिल्या बाकावर बसून शाळेला जाणाऱ्या तीन मुलींपैकी एकही पहाटे आली नाही. तिघींची लग्नं लागून गेली होती. गाडी बंद झाली म्हणजे काय होतं, हे यादवरावांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

एवढ्यात विबकेबाई पुन्हा बोलू लागल्या, या वेळी हळू आवाजात आणि धम्मदीपाकडे बघत. बऱ्याच बोलल्या. धम्मदीपानं मराठीत सांगितलं, "आल्झो, म्हणजे त्या म्हणतायत की तुम्ही आलात, बरं वाटलं."

प्रभावतीबाईंनी हातातला पाव खाली ठेवला. त्यांना जर्मनचा एक शब्द येत नव्हता, पण लेक वाचता येत होती. "एवढं मोठं बोलली ती आणि तू एवढंसं सांगितलंस. बाकीचं कुठं गेलं?"

धम्मदीपा ताटाकडे बघत राहिली. मग तिनं सगळं सांगितलं. पायलटच्या विश्रांतीचे नियम कडक आहेत, चार पायलट असले तरच मुक्काम चालतो. इतक्या उत्तरेला, असल्या वाऱ्यात काम करायला कुणी येत नाही. कंपनी दोन वर्षं माणूस शोधते आहे. ती म्युनिकला गेली तर तिघं उरतात आणि या हिवाळ्यापासून मुक्काम बंद होतो. फोल्कर्टना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी किनाऱ्यावर जावं लागतं, सकाळच्या वेळी. बोट ओहोटीच्या हिशोबानं चालते, त्यांच्या हिशोबानं नाही. मुक्काम बंद झाला तर त्यांना बेट सोडून किनाऱ्यावरच्या वृद्धाश्रमात जावं लागेल.

"आणि हेही म्हणाल्या, की तरी तू जा. तुझ्या वयाच्या मुलीनं मोठी विमानं चालवायलाच पाहिजेत. इथलं आम्ही बघून घेऊ."

"तुला काय वाटतं?" यादवरावांनी विचारलं.

"बाबा, चौकात फ्लेक्स लागलाय," धम्मदीपा म्हणाली.

आयुष्यात इतकी लाज यादवरावांना कधी वाटली नव्हती. समोर ताटात बटाटे होते, ते त्यांनी खाली मान घालून संपवले.

सकाळी ते उजाडायच्या आधीच पट्टीवर जाऊन उभे राहिले. धम्मदीपा हातात बॅटरी घेऊन विमानाभोवती फिरत होती, पंखावरचं दंव पुसत होती, चाकांना हात लावून बघत होती. बेटावर आभाळ स्वच्छ होतं. समोर किनारा असायला हवा तिथं पांढऱ्या धुक्याची भिंत होती. तिनं फोनवर दोन-तीन ठिकाणी विचारून घेतलं आणि धुक्याच्या पलीकडे, आत जमिनीवर एक विमानतळ मोकळा आहे, तिथं जायचं ठरवलं. तिथून टॅक्सीनं दवाखाना. परतायला उशीर होईल, सत्काराला तुम्ही सुरुवात करा, मी पोचते, असं ती म्हणाली. फोल्कर्ट थर्मास काखोटीला मारून आला. त्याच्याशिवाय त्या सकाळी दुसरं कुणीच नव्हतं. तो आपल्या पुढच्या जागेवर बसला, यादवरावांकडे बघून त्यानं टोपीला हात लावला, आणि विमान उगवत्या उजेडात वर गेलं. ते दिसेनासं झालं तरी यादवराव तिकडेच बघत होते. ऊर भरून येतो म्हणतात ते त्यांना त्या थंडीत समजलं.

दुपार व्हायच्या आधी विबकेबाईंच्या घरी मोबाइल कपाटाला टेकवून ठेवला. पडद्यावर विहार दिसू लागला. खुर्च्या भरलेल्या, संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन नुकतंच झालेलं, आणि मागे फ्लेक्सची दुसरी प्रत, तेच लांबलचक विमान. पुढच्या ओळीत एसटीतले निवृत्त सगळे होते. प्रतापनं माइक घेतला, जय भीम घातला आणि आमच्या वैमानिकताई कुठं आहेत, असं विचारलं.

"ड्यूटीवर आहे," यादवराव म्हणाले आणि उभे राहिले. कपाटासमोर उभं राहायची काही गरज नव्हती, पण बसून बोलवेना. प्रभावतीबाईंनी त्यांचा मफलर खाली ओढून नीट केला.

"मी तुम्हाला जे सांगितलं ते चुकीचं सांगितलं," ते म्हणाले. "मोठी कंपनी तिला बोलावते आहे, हे खरं. ती जाणार, हे मी माझ्याच मनानं ठरवून टाकलं. ती जाणार की राहणार, ते तीच ठरवील. पण आज ती काय चालवते, ते ऐका. तुमच्या मागे छापलंय ते नाही. नऊ सीटचं विमान आहे. समुद्रातल्या एका गावाला जातं, आणि मुक्कामी आहे."

विहारात चुळबुळ झाली. मागच्या पोरांना काही उमगलं नाही. पुढच्या ओळीतले म्हातारे मात्र ताठ बसले. प्रतापनं माइक तोंडाशी नेला, मग खाली घेतला, मग पुन्हा वर नेला. कोठारपल्लीच्या मुक्कामाला यादवरावांच्या मागे घंटी वाजवणारा तोच होता.

"मुक्कामी?" तो म्हणाला. "म्हणजे सकाळची पहिली ट्रिप तिचीच?"

"तिचीच."

"आज पॅसेंजर किती होते?"

"एक."

"एकासाठी गाडी काढली?"

"काढली," यादवराव म्हणाले. "धुक्याला वळसा घालून नेलं त्याला."

पुढच्या ओळीतून टाळी वाजली, एकाची, दोघांची, आणि मग सगळे म्हातारे टाळ्या वाजवत उभे राहिले. फ्लेक्समधल्या विमानाला असली टाळी मिळाली नसती. यादवरावांनी नागपूरहून पाठ करून आणलेलं पुढचं भाषण तिथंच संपलं.

प्रभावतीबाईंनी दाराकडे बोट केलं. धम्मदीपा उंबऱ्यात उभी होती, टोपी हातात, नाक थंडीनं लाल. केव्हापासून उभी होती कोण जाणे. ती पुढे आली, पडद्यासमोर हात जोडून जय भीम म्हणाली आणि बापाच्या शेजारी उभी राहिली. तिकडे पुन्हा टाळ्या झाल्या. त्या ओसरल्यावर प्रताप सचिवासारखा नाही, जुन्या कंडक्टरसारखा बोलला.

"पोरी, आता पुढचा मुक्काम कुठं?"

धम्मदीपानं वडिलांकडे बघितलं. यादवरावांनी मुद्दाम खिडकीबाहेर नजर लावली. हे उत्तर तिचं तिलाच देऊ द्यायचं, एवढं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं, आणि ते पाळणं त्यांना फार जड जात होतं.

"इथंच, काका," ती म्हणाली. "आज दुसऱ्याची पाळी आहे, तीन दिवसांनी माझी. आणि पुढच्या हिवाळ्यातही."